शेजारच्या सीटवर कोण होतं

माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट, हे आधीच सांगते. शाळा चौथीपर्यंत झाली. ऱ्हस्व कुठे द्यायचं आणि दीर्घ कुठे, हे तेव्हाही कळलं नाही. पुढे हातात पेन कमी आणि पीठ जास्त आलं, त्यामुळे ओळ सरळ जात नाही. ज्याच्या हातात हे पडेल त्याने रागवू नये. आमच्या कर्नलसाहेबांनी दिवाळीच्या अंकासाठी कामाचे अनुभव लिहा म्हणून सांगितलं आहे. ऑफिसातल्या बाई चुका सुधारून देते म्हणतात. पण मी त्यांना देईन असं वाटत नाही. चार माणसांत माझं नाव छापून आलं तर मला बाजारात जाता येणार नाही. तरी लिहून ठेवते.

मी जिल्ह्याच्या गावी सैनिकांच्या विश्रामगृहात स्वयंपाक करते. बाहेरच्या माणसाला हे काय असतं ते माहीत नसतं, म्हणून सांगते. सुट्टीवर येणारा-जाणारा सैनिक, पेन्शनीच्या कामाला आलेला म्हातारा, नवरा गेलेली बाई, यांना स्वस्तात एक खाट आणि दोन वेळचं जेवण मिळावं म्हणून ही जागा असते. शेजारीच ऑफिस आहे. तिथे कर्नलसाहेब बसतात. तेही रिटायर झालेलेच, पण या लोकांचे अर्ज, तक्रारी वर पाठवायचं काम त्यांच्याकडे आहे.

माझा नवरा फौजेत नायक होता. बर्फाच्या ठिकाणी पोस्टिंग असताना छातीच्या दुखण्याने गेला. दुखणं आधीपासून होतं, तरी त्याला वर का पाठवलं, कुणी पाठवलं, हे मी विचारलं नाही. विचारायचं असतं हेच ठाऊक नव्हतं. जिथे सांगितलं तिथे सही केली. मूलबाळ नाही. पुढे ही नोकरी मिळाली आणि स्वयंपाकघरामागची खोलीही मिळाली.

स्वयंपाकघर आणि जेवणाची खोली यांच्यामध्ये भिंतीत एक खिडकी आहे. ताट त्या खिडकीतून सरकवायचं. मला ही खिडकी फार सोयीची झाली. जेवणाऱ्याला माझे हात दिसतात, तोंड दिसत नाही. मला मात्र सगळं ऐकू येतं. "अजून वाढू का" आणि "भाजी संपली" या दोन वाक्यांवर मी बरीच वर्षं काढली.

सैनिकाला वाढायचं म्हणजे वेगळं असतं. तो जेवण वेळेवर मागतो आणि चव नंतर बघतो. पहाटे उठतो, चादरीची घडी अशी घालतो की खाटेवर कुणी झोपलं होतं हे कळू नये. मला सुरुवातीला ते फार आवडायचं. नंतर आवडेना. माणूस राहून गेला तर काहीतरी मागे राहायला पाहिजे, उशीला खळगा तरी. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला म्हातारे येतात, तेव्हा सगळ्या खाटा भरतात आणि माझ्या येसराच्या, म्हणजे भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाच्या, आमटीवरून भांडणं होतात. कुणीतरी मला म्हणतंच, "गयाबाई, हे तिखट सरहद्दीवर ठेवा, दुश्मन मागं फिरंल." तो महिना गेला की खोल्या रिकाम्या. मी दोन भाकरी करते, एक उरते.

यात परदेशी जाऊन आलेले सैनिक लगेच ओळखू यायचे. निळ्या टोपीतला फोटो मोबाईलवर पहिला असायचा. अनेक देशांच्या पलटणी मिळून दुसऱ्याच्या देशातलं भांडण थांबवायला जातात, त्यांना शांतिसेना म्हणतात. तिकडे जायला मिळणं म्हणजे नशीब. भत्ता वेगळा मिळतो. गावात ज्याचं घर स्लॅबचं, त्याला लोक म्हणायचे, "हे आफ्रिकेचं घर." त्यामुळे शमीमबी पहिल्यांदा आली आणि म्हणाली की माझा मुलगा आफ्रिकेत गेला, तेव्हा मी ताट सरकवत म्हटलं, "चांगलं झालं की." ती म्हणाली, "गेला म्हणजे वारला, बाई."

शमीमबी माजलगावची. नवऱ्याचं ट्रॅक्टर-जीप दुरुस्तीचं गॅरेज. मुलगा अन्वर त्या गॅरेजात वाढला आणि फौजेत ड्रायव्हर झाला. शांतिसेनेत असताना गाड्यांचा एक ताफा नाल्यावर आला. पाऊस होऊन नाला भरलेला. अन्वरची गाडी पाण्यात गेली आणि वाहून गेली. मागे बसलेले वाचले, तो आतच राहिला. शवपेटी आली, सलामी झाली, गावातली सगळ्या जातीपातीची माणसं आली. मग काही महिन्यांनी चौकशीचा निकाल आला की ड्रायव्हरने स्वतःच्या मनाने, बेफिकिरीने गाडी पाण्यात घातली. म्हणून मिळायच्या रकमेतून गाडीचं नुकसान कापून घेतलं.

कर्नलसाहेबांसमोर ती काय बोलली ते मला व्हरांड्यात झाडताना ऐकू आलं.

"साहेब, पैशाचं ऱ्हाऊ द्या. त्याचे अब्बा आता गिऱ्हाइकाची गाडी चालवून बघत न्हाईत. लोक म्हणतात, पोराला ह्यानंच शिकवलं. हमारा अन्वर असा न्हवता, एवढं सरकारनं लिहून द्यावं."

कर्नलसाहेब चांगले माणूस. त्यांनी लिहिलं. उत्तरं यायला लागली, आणि त्या उत्तरांतून मला हे परदेशी प्रकरण कळलं. पलटण आपली, पगार आपला, झेंडा खांद्यावर आपला. पण तिकडे गेल्यावर रोजचा हुकूम तिकडच्या मुख्यालयाचा, जिथे देशोदेशीचे साहेब बसतात. आपल्याकडे विचारलं की इकडचे म्हणणार, ताफा मुख्यालयाच्या हुकमाने निघाला होता, त्यांना विचारा. त्यांना विचारलं की ते म्हणणार, सैनिक तुमचा, शिस्त तुमची, चौकशी तुम्ही केली, तुम्हीच बघा. दोन सासरं असलेल्या सुनेसारखं. कामाला दोघांची, दुखण्याला कुणाचीच नाही.

शमीमबी दर महिन्याला यायची. एसटीने सकाळी येऊन संध्याकाळी परत जाता येत होतं, तरी ती रात्र राहायची. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "घरात समदे गप बसतात. इथं भांड्याचा आवाज तरी येतो." मग ती खिडकीच्या आत, माझ्या बाजूला येऊन बसायला लागली. मी भाकरी थापायची, ती लसूण सोलायची. बोलणं फार नसायचं.

एका नोव्हेंबरात सिरसाळ्याचे सुभेदार आबा आले. आबा म्हणजे आमच्याकडचं नमुनेदार गिऱ्हाईक. सगळ्या खाटांवरून फिरून दुसऱ्यांच्या चादरी तपासायचे आणि पन्नाशीच्या हवालदाराला "उठ बे, कोपरा नीट घाल" म्हणायचे. जेवताना त्यांनी शमीमबीला सगळं विचारलं. ती सांगत होती, ते चावत होते. मग थांबले.

"शेजारच्या सीटवर कोण होतं?"

"कुणी न्हाई. कागदावर रिकामी म्हणून लिवलंय."

"रिकामी?" आबांनी ताट बाजूला केलं. "मी उभी हयात फौजेत घातली. ड्रायव्हर एकटा कधी न्हाई निघत. शेजारी बसतो तो गाडीचा कमांडर. गाडी कुठं थांबवायची, कुठं वळवायची, पाण्यात घालायची का न्हाई, हे तो ठरवणार. ड्रायव्हरनं निस्तं चाक फिरवायचं. अन् परदेशात, ताफ्यात, ती सीट रिकामी? कावून? खुळे हायेत का हे?"

शेजारी जेवणारा एक तरुण म्हणाला, "आबा, शेजारचा झोपला असंल."

"झोपला तरी जिम्मा त्याचाच बे!"

हा फौजेचा रिवाज मला त्या दिवशी कळला. शमीमबीलाही तेव्हाच कळला. ती रात्री जेवली नाही. कर्नलसाहेबांना हा रिवाज माहीत होताच. ते म्हणाले, "मी तेच विचारलं होतं. सगळ्यांच्या जबान्या सारख्या आहेत, सीट रिकामी. त्याच्या उलट बोलणारा एक माणूस आणा, मग चौकशी उघडता येईल." असा माणूस कुठून आणायचा?

तो आपल्या पायाने आला. धारूरकडच्या डोंगरातला, मेंढरं राखणाऱ्या घरचा बिभीषण. सुट्टीवर आला होता, एक दिवस राहिला. जेवायला अजून दोघं होते आणि त्याची चेष्टा चालली होती.

"काय बे बिभीषण, आफ्रिकेत सिंह बघितला का?"

"मच्छर बघितले."

"अन् त्यो माजलगावचा? तुज्याच पलटणीतला ना? गाडी बुडवून बसला त्यो."

मी भाकरी घेऊन हात पुढे केला होता. बिभीषणने घेतली नाही. अर्धी भाकरी ताटात तशीच ठेवून तो उठला. सैनिक ताटात टाकत नाही. मी इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं.

बाकीचे गेल्यावर तो हात धुवायला परत आला, तेव्हा मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. म्हटलं, "त्याची आई येते इथं. परवा येणार आहे. तुम्ही थांबा."

तो माझ्याकडे बघत राहिला. माझं तोंड त्याने पहिल्यांदाच पाहिलं असेल. म्हणाला, "मावशी, माजी सर्व्हिस थोडीच राहिली. घरी धाकट्या बहिणी हायेत. आत्ता बोललो तर मला पेन्शनीपर्यंत जाऊ देतील का?"

सकाळी त्याच्यासाठी धपाटे बांधून ठेवले होते. मी उठायच्या आधीच तो गेला होता. चादरीची घडी घातलेली.

कर्नलसाहेबांना सांगायला मी ऑफिसच्या दारात जाऊन उभी राहिले. ते म्हणाले, "काय गयाबाई, गॅस संपला का?" मी म्हटलं, "हो." दुपारी भरलेलं सिलिंडर आलं, ठेवायला जागा नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले आणि या वेळी डोळे मिटून सगळं सांगून टाकलं. साहेबांनी हातातली फाईल मिटली. मग म्हणाले, "नोकरीतल्या माणसावर मी जबरदस्ती करणार नाही. तो वाईट माणूस असता तर भाकरी खाऊन उठला असता. वाट बघू. शमीमबींना आत्ता सांगू नका."

वाट बघणं माझ्या वाट्याला आलं. शमीमबी माझ्या शेजारी बसून लसूण सोलायची आणि मी गप्प. एरवी गप्प बसणं हा माझा स्वभावच, पण तोवर त्याचं ओझं कधी वाटलं नव्हतं. ती गेली की खोलीत मी एकटी आणि ते गुपित.

बिभीषण रिटायर होऊन आला. रिटायर झालेल्याला ऑफिसात नाव नोंदवावं लागतं. त्याने नाव नोंदवायच्या आधी खिडकीशी येऊन विचारलं, "ती आई येती का आजून?"

मी कर्नलसाहेबांच्या फोनवरून शमीमबीला बोलावलं. ती दुपारी आली. आमच्याकडे बायकांचं टेबल वेगळं असतं. त्या दिवशी मी तिचं ताट बिभीषणच्या समोर मांडलं आणि मीही खिडकीमागे न थांबता बाहेर येऊन बसले. कर्नलसाहेब दाराशी उभे होते.

बिभीषण म्हणाला, "आम्मा, आमी मागं बसलतो. पुढं, शेजारच्या सीटवर, आमचे साहेब होते. अन्वरनं गाडी थांबवली अन् म्हणला, साब, पानी ज्यादा है. साहेबांनी वायरलेसवर विचारलं. तिकडून, मुख्यालयातून, उत्तर आलं, संध्याकाळच्या आत पोचा, मोठे लोक तळ बघायला येणार हायेत. साहेबांनी परत न्हाई विचारलं. म्हणले, हुकूम हाय, घाल. अन्वरनं घातली."

"मग?"

"गाडी कलली. साहेबांना त्यांच्या बाजूनं आमी वढून काढलं. अन्वरची बाजू पाण्याकडं होती. मग जबान्या झाल्या. लिवलेलंच होतं. सीट रिकामी. समद्यांनी सही केली, मी बी केली."

मला वाटलं, आता ही रडेल, नाहीतर त्याला शिव्या देईल. तिने पाण्याचा तांब्या त्याच्याकडे सरकवला.

"त्यो काय म्हणला? परत सांग."

"साब, पानी ज्यादा है."

"घाबरून म्हणला का?"

"न्हाई, आम्मा. जसं रोज बोलायचा तसंच."

"परत सांग," ती म्हणाली. त्याने परत सांगितलं. किती वेळा ते मी मोजलं नाही.

बिभीषणने लिहून दिलं आणि चौकशी पुन्हा उघडली. दिल्लीकडून एक मेजर आले आणि आमच्याच जेवणाच्या खोलीत टेबल लावून बसले. बिभीषण उभा राहून बोलला. तोवर त्याच्या पलटणीतल्या लोकांचे फोन यायला लागले होते, साहेबाच्या विरोधात गेलास, आता तुझ्या पोराच्या बारशालासुद्धा कुणी येणार नाही. तो मला हसत म्हणाला, "मावशी, आजून लगीन न्हाई झालं, बारसं कुठून काढलं ह्यांनी?" पण पुन्हा वाजलेला फोन त्याने उचलला नाही.

मेजर उठताना शमीमबीने त्यांना विचारलं, "साहेब, हुकूम कुणी दिला ते लिवणार का तुमी?"

मेजर तरुण होते, नम्रही होते. हिंदीत म्हणाले, "माँजी, मला फक्त ड्रायव्हरची चूक होती की नव्हती, एवढंच बघायला पाठवलंय. हुकमाचं बघायचं काम माझ्याकडे नाही."

"मग कुणाकडं हाय?"

त्यांनी टोपी उचलली आणि ते गाडीकडे गेले. मला त्यांचा राग आला नाही. त्यांनाही कुणीतरी तेवढंच सांगून पाठवलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात कागद आला. ड्रायव्हरची बेफिकिरी होती हा शेरा काढून टाकला आहे आणि कापलेली रक्कम परत मिळेल. कर्नलसाहेबांनी वाचून दाखवलं तेव्हा शमीमबीने डोळे मिटून घेतले. मग म्हणाली, "अजून पुढं काय लिवलंय?"

पुढे सही करायची होती. रक्कम पूर्ण मिळाल्याचं मान्य आहे, आणि या घटनेबाबत माझं कुणाकडेही काही मागणं, विचारणं राहिलेलं नाही.

"रक्कम मिळाली, हे बरोबर," ती म्हणाली. "दुसरं खोटं हाय. मला विचारायचं राह्यलंय."

"सही केली नाही तर पैसे अडकतील," साहेब म्हणाले. "छापील कागद आहे. यात बदल करता येत नाही."

ती माझ्याकडे वळली. "गयाबाई, तुमी सांगा. करू का सही?"

मला असं कुणी कधी विचारलं नव्हतं. गॅरेजच्या थकलेल्या भाड्याचं मला माहीत होतं, तिच्या नवऱ्याच्या डोळ्याच्या ऑपरेशनचं माहीत होतं. मी म्हटलं, "मी केली होती. मी विचारायला पाहिजे होतं ते तसंच राहिलं. आता विचारायला कुणी उरलं नाही." एवढंच बोलता आलं.

कर्नलसाहेबांनी खिशातलं पेन काढलं. कागद आपल्याकडे ओढला, ती दुसरी ओळ आडवी रेघ मारून खोडली, आणि शेजारी लिहिलं, ही ओळ माझ्या हुकमाने खोडली आहे. खाली पूर्ण नाव, हुद्दा, तारीख. मग कागद तिच्यापुढे ठेवला.

"साहेब, तुमच्यावर येईल," ऑफिसातल्या बाई म्हणाल्या.

"यायलाच पाहिजे," ते म्हणाले. "म्हणूनच नाव लिहिलंय."

शमीमबीने सही केली. कागद गेला. साहेबांना वरून एक पत्र आलं, त्यात काय होतं ते त्यांनी सांगितलं नाही. दोन दिवस ते जेवायला आमच्याकडेच आले. पावसाळा गेला, नोव्हेंबर आला, म्हातारे येऊन गेले. शमीमबी दर महिन्याला यायची आणि पैसे आले नाहीत म्हणून सांगायची. मला मनातून वाटायचं, नाही आले तर ती येत राहील. असं वाटणं बरं नाही, पण वाटायचं.

जानेवारीत मी तूरडाळ निवडत होते, तेव्हा तिचा फोन आला. नवरा तिच्या शेजारी होता, त्याचाही आवाज आला. तो गिऱ्हाइकाची जीप चालवून बघायला निघाला होता आणि ती त्याला थांब म्हणत होती.

"गयाबाई, बँकेचा मेसेज आला. आमच्या ह्यांनी वाचला, मग शेजारच्याकडून बी वाचून घेतला."

"किती आले?"

"कापलेले समदे. पूर्ण परत. ती ओळ खोडलेली असून बी."